थ्रस्टर सुरक्षितपणे कसा करावा: खोल बैठकीपासून डोक्यावरच्या बारपर्यंत

थ्रस्टर म्हणजे फ्रंट स्क्वॉट (बार, म्हणजे वजनाचा लोखंडी दांडा, खांद्यांवर पुढे घेऊन मारलेली बैठक) आणि पुश प्रेस (गुडघे थोडे वाकवून पायांच्या जोराने बार खांद्यांवरून डोक्यावर ढकलणे) या दोन व्यायामांमधली विश्रांती काढून टाकून केलेला एक सलग व्यायाम. बार खांद्यांवर पुढच्या बाजूने घ्यायचा, खोल बैठक मारायची आणि उठताना पायांनी दिलेला जोर मध्ये कुठेही न तोडता तसाच बार डोक्यावर हात सरळ होईपर्यंत न्यायचा. मांड्यांचे पुढचे स्नायू, नितंब, पाठीच्या कण्यालगतचे स्नायू, पोट, खांदे आणि दंडाच्या मागच्या बाजूचे ट्रायसेप्स हे सगळे एकाच आवर्तनात कामाला लागत असल्यामुळे थोड्या वेळात भरपूर काम होते आणि दमही तितक्याच लवकर लागतो. क्रॉसफिट या जोरकस व्यायामपद्धतीतल्या ‘फ्रॅन’ नावाच्या प्रसिद्ध वर्कआउटमध्ये २१, १५ आणि ९ अशा उतरत्या क्रमाने थ्रस्टर आणि पुल-अप करायचे असतात. त्यासाठी ठरलेले वजन पुरुषांना ९५ पौंड, म्हणजे सुमारे ४३ किलो, आणि स्त्रियांना ६५ पौंड, म्हणजे साधारण ३० किलो असते. अनेकांची या व्यायामाशी पहिली गाठ अशाच एखाद्या घड्याळ लावून केलेल्या वर्कआउटमध्ये पडते, आणि ही सुरुवात मला अगदी उलटी वाटते. थ्रस्टरमध्ये पाय आधी आणि हात नंतर हा क्रम अंगात मुरणे हेच मुख्य काम आहे. घाईत आणि थकव्यात नेमका तोच क्रम सर्वांत आधी मोडतो. त्यामुळे हा क्रम पक्का होईपर्यंत घड्याळ बाजूला ठेवावे.

सुरुवातीआधी स्वतःची तपासणी

ज्यांचा रक्तदाब औषधांनीही आटोक्यात नाही, ज्यांना हृदयविकार, काचबिंदू किंवा हर्निया आहे, किंवा ज्यांच्या खांद्याची, पाठीची अथवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नये. यामागचे कारण केवळ वजन नाही. बार डोक्यावर नेताना आपण श्वास रोखून पोट घट्ट करतो, आणि त्या काही क्षणांत रक्तदाब एकदम वाढतो. निरोगी माणसाला तो सहज सोसतो, सर्वांना सोसेलच असे नाही. गर्भवती स्त्रियांनीही आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

बाकीच्यांनी तीन साध्या चाचण्या घरीच करून पाहाव्यात. पहिली चाचणी घोट्यांची. अनवाणी पायाने भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवून उभे राहावे, पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटीमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते पाहावे. दुसरी चाचणी खांद्यांची. भिंतीला पाठ लावून, पावले थोडी पुढे घेऊन उभे राहावे, कंबर भिंतीला चिकटलेली ठेवून दोन्ही हात कोपरात न वाकवता समोरून वर न्यावेत आणि अंगठे भिंतीला लागतात का ते पाहावे. हात वर जाताना कंबर भिंतीपासून सुटत असेल तर ही चाचणी उतरली नाही असे समजावे. तिसरी चाचणी मनगट, कोपर आणि पाठीच्या वरच्या भागाची. रिकामा बार खांद्यांवर पुढच्या बाजूने ठेवून, सगळी बोटे बारभोवती असताना कोपरे बारच्या पुढे राहतात का ते पाहावे.

या चाचण्यांचा थ्रस्टरशी थेट संबंध आहे. घोटा ताठर असला की खोल बैठकीत गुडघे पुढे जाऊ शकत नाहीत, मग तोल सांभाळण्यासाठी धड पुढे झुकते, धड झुकले की कोपरे खाली पडतात आणि बार खांद्यांवरून घरंगळून मनगटांवर येतो. खांदे ताठर असले तर बार डोक्यावर नेण्यासाठी जी मोकळीक खांद्यांनी द्यायची ती कंबर देते, म्हणजेच कंबरेला मागे बाक येतो. दोन्ही प्रसंगांत दुखणे एका जागी आणि मूळ कारण दुसऱ्याच जागी असते. त्यामुळे मनगट दुखते म्हणून नुसते मनगटाला पट्टे गुंडाळणाऱ्यांनी आधी आपला घोटा तपासावा, असे मी म्हणेन.

चाचणीत कमी पडलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही. घोट्यांसाठी पोटऱ्यांचे ताण आणि वर सांगितलेली भिंतीची चाचणीच व्यायाम म्हणून रोज करावी. तोवर वेटलिफ्टिंगचे बूट वापरावेत, कारण त्यांची कडक टाच साधारण २ सेंटीमीटर उंच असते आणि तेवढ्यानेही धड बरेच सरळ राहते. टाचांखाली लहान प्लेट, म्हणजे बारला लावायची वजनाची चकती, ठेवण्याची युक्ती काही जण वापरतात. नुसत्या स्क्वॉटला ती चालून जाते, पण बार डोक्यावर असताना एक पाऊल सरकवायची वेळ आली तर तीच प्लेट घात करते. ज्यांची मनगटे वळतच नाहीत त्यांनी बारऐवजी दोन डंबेल घ्यावेत, कारण डंबेल धरताना तळवे एकमेकांकडे वळवता येतात आणि मनगटांवरचा ताण बराच हलका होतो.

साहित्य आणि जागा

ऑलिम्पिक मापाचा पुरुषांचा बार २० किलोचा, २.२ मीटर लांब आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो. स्त्रियांचा १५ किलोचा, दोन मीटरपेक्षा किंचित लांब आणि २५ मिलिमीटर जाडीचा. लहान हातांना बारीक बार धरणे सोपे जाते, त्यामुळे दोन्ही उपलब्ध असतील तर आपल्या मुठीला बसणारा निवडावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बारची टोके, जिथे प्लेट चढवतात तो भाग, मोकळेपणी फिरतो का हे हाताने फिरवून पाहावे. थ्रस्टरमध्ये बार खांद्यांवरून वर जाताना आणि परत येताना मुठीत वळतो. टोके जाम असतील तर प्लेटही बारबरोबर फिरायला लागतात आणि त्यांचा पीळ मनगटावर येतो. रिकाम्या बारवर हे जाणवत नाही, वजन वाढल्यावर मात्र चांगलेच जाणवते.

प्लेट शक्यतो रबरी, म्हणजे बंपर असाव्यात, कारण प्रसंगी बार खाली सोडून द्यावा लागतो. प्लेट घसरू नयेत म्हणून क्लिप दोन्ही बाजूंना लावावेत, रिकाम्यासारख्या हलक्या बारलाही लावावेत. स्मिथ मशीनवर, म्हणजे बार उभ्या रुळांत बसवलेल्या यंत्रावर, थ्रस्टर शिकू नये. तिथे बारचा मार्ग पक्का ठरलेला असल्यामुळे शरीराला बारशी जुळवून घ्यावे लागते आणि तोल सांभाळण्याचे शिक्षण मिळतच नाही. पळण्याचे मऊ तळव्याचे बूटही टाळावेत. बोटातल्या अंगठ्या काढून ठेवाव्यात.

रॅकचे, म्हणजे बार टांगून ठेवायच्या उभ्या चौकटीचे, हुक साधारण काखेच्या उंचीला किंवा किंचित खाली असावेत. हुक उंच असले तर बार काढताना चवड्यांवर उभे राहावे लागते, आणि थकून परत आल्यावर तर तो हुकावर बसतच नाही. बार रॅकमधून काढल्यावर दोन लहान पावले मागे येण्याइतकी जागा हवी, पुढे आणि मागे कोणी उभे नसावे, आणि वर छत, पंखा किंवा रॅकची आडवी पट्टी आपल्या सरळ हातांच्या व प्लेटच्या आड येत नाही हे रिकाम्या बारने एकदा तपासून घ्यावे. रॅक नसेल तर बार जमिनीवरून क्लीन करून, म्हणजे एका झटक्यात उचलून, खांद्यांवर घ्यावा लागतो. क्लीन हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते येत नसताना हातांच्या जोरावर बार ओढून खांद्यांपर्यंत आणणे म्हणजे पहिल्या आवर्तनाआधीच कोपरे आणि कंबर पणाला लावणे होय.

बार खांद्यांवर कसा बसावा

हात खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे बाहेर, साधारण एक अंगठा अंतरावर ठेवावेत. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच असावा. बार हातात नव्हे तर खांद्यांच्या पुढच्या मांसल भागावर, मानेच्या अगदी जवळ टेकलेला हवा. खात्री करण्यासाठी बार खांद्यांवर असताना क्षणभर बोटे सैल करून पाहावीत; बार जागचा हलला नाही तर तो बरोबर बसला आहे, पुढे सरकू लागला तर कोपरे खाली आहेत किंवा छाती आत गेली आहे.

इथे फ्रंट स्क्वॉट आणि थ्रस्टर यांच्यात एक फरक आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. फ्रंट स्क्वॉटमध्ये कोपरे जवळजवळ खांद्यांच्या उंचीला नेऊन बार दोन-तीन बोटांच्या टोकांवर धरला तरी चालतो, कारण हातांना पुढे काही ढकलायचे नसते. थ्रस्टरमध्ये त्याच हातांनी लगेच बार वर न्यायचा असल्यामुळे मुठीची पकड जास्त भरीव लागते, आणि पकड भरीव केली की कोपरे आपोआप थोडी खाली येतात. म्हणून कोपरे बारच्या पुढे, पण फ्रंट स्क्वॉटइतकी उंच नाहीत, अशी मधली जागा शोधावी लागते. ती प्रत्येकाच्या दंडाच्या आणि हाताच्या लांबीनुसार वेगळी असते आणि शोधायला काही सत्रे जातात. हात छातीवर आडवे घेऊन बार धरण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण त्या स्थितीतून बार वर ढकलताच येत नाही.

बार मानेजवळ असल्याने घशाला त्याचा हलका स्पर्श होणे स्वाभाविक आहे, दाब मात्र होता कामा नये. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. अशी अंधारी आलीच तर रॅकपर्यंत जाण्याचा हट्ट न धरता बार तिथेच पुढे सोडून द्यावा आणि खाली बसावे.

बैठक

पावले खांद्यांच्या रुंदीइतकी किंवा किंचित जास्त रुंद ठेवून चवडे १५ ते ३० अंशांनी बाहेर वळवावेत. पोट फुगेल असा खोल श्वास घ्यावा, तो धरून ठेवावा आणि कोणीतरी पोटात गुद्दा मारणार असल्यासारखे पोट चारही बाजूंनी घट्ट करावे. मगच खाली जायला सुरुवात करावी. खुबा आणि गुडघे एकाच वेळी वाकावेत. नुसता पार्श्वभाग मागे ढकलला तर धड पुढे झुकते आणि बार सोबत ओढला जातो. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने बाहेर जाऊ द्यावेत. गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये हा नियम अनेकांनी ऐकलेला असतो. फ्रंट स्क्वॉटच्या बैठकीत निरोगी गुडघा बोटांच्या थोडा पुढे जाणे हे दोष नसून धड सरळ राहण्याची अट आहे. पाहायचे ते हे की टाच जमिनीवर पूर्ण टेकलेली आहे आणि गुडघा आत कोसळत नाही.

मांडी आणि धड यांमधली घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीपेक्षा किंचित खाली जाईल इतके उतरणे ही थ्रस्टरची रूढ खोली आहे. तिथवर जाण्याआधीच कंबर गोल होऊन आत वळत असेल तर जिथे ती सरळ राहते तिथेच थांबावे आणि खोली काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी. उतरण्याचा वेग आपल्या ताब्यात असावा. तळाशी आपटून मिळणाऱ्या उसळीचा फायदा सराव झालेले लोक घेतात. नवशिक्याची पाठ त्या धक्क्याला सैल पडते.

जोराची देवाणघेवाण

थ्रस्टरचे सगळे मर्म तळापासून वर येतानाच्या एका क्षणात आहे. तळाशी असताना मनात विचार एकच ठेवावा, तो म्हणजे कोपरे वर. पावलाचा पूर्ण तळवा जमिनीत दाबत उठावे आणि जसजसे वर याल तसतसा वेग वाढवत न्यावा. उठण्याच्या शेवटच्या टप्प्यात खुबा आणि गुडघे झपाट्याने सरळ झाले की बार खांद्यांवरून स्वतःच सुटतो आणि क्षणभर त्याचे वजन जाणवेनासे होते. हातांचे काम त्या क्षणी सुरू होते, त्याआधी नाही.

नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे हात लवकर कामाला लावणे. गुडघे अजून वाकलेले असतानाच हात ढकलू लागले की हातांचा जोर बारला जितका वर नेतो तितकाच शरीराला खाली दाबतो, पायांचा जोर अर्ध्यात विरतो आणि सगळे वजन खांद्यांच्या लहान स्नायूंवर येऊन पडते. हलक्या वजनावर ही चूक पचून जाते, कळतही नाही. वजन वाढले की बार कपाळाजवळ अडकतो आणि तिथून तो वर न्यायला माणूस कंबर मागे वाकवतो. ही चूक आरशात दिसत नाही, कारण आरसा समोर असतो. बाजूने, खुब्याच्या उंचीवर मोबाइल ठेवून चित्रीकरण करावे आणि बार खांद्यांवरून सुटतो ती चौकट थांबवून पाहावी. त्या चौकटीत गुडघे आणि खुबा सरळ दिसले पाहिजेत. एवढी एक चौकट तपासली तरी बाकीचे बरेच दोष आपोआप सापडतात.

बारचा मार्ग बाजूने पाहिला असता पावलाच्या मध्याच्या वर जवळजवळ सरळ रेषेत असावा. त्या रेषेत आपला चेहरा येतो, म्हणून डोके किंचित मागे घेऊन हनुवटी वाटेतून बाजूला करावी आणि बार कपाळाच्या वर गेला की डोके पुन्हा पुढे, दोन हातांच्या मधोमध आणावे. बारने चेहऱ्याला वळसा घालून जाऊ नये; चेहऱ्याने बारला वाट द्यावी. वर पोहोचल्यावर कोपरे पूर्ण सरळ, दंड कानांजवळ, आणि बार, खांदे, खुबा व पावलाचा मध्य एका रेषेत असावेत. खांदे कानांकडे थोडे उचललेले असावेत, कारण फऱ्याचे हाड वर वळल्यानेच दंडाच्या हाडाला वर जागा मिळते. खांदे जबरदस्तीने खाली दाबून ठेवण्याची सूचना बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार ढकलण्याला, शोभते, डोक्यावरच्या वजनाला नाही.

बरगड्या पुढे उघडून कंबर मागे झुकवणे हा शेवटच्या टप्प्यातला मोठा दोष आहे, आणि तो नवा नाही. वेटलिफ्टिंगमध्ये एके काळी क्लीन अँड प्रेस हा तिसरा प्रकार होता. खेळाडू इतके मागे झुकून बार वर नेऊ लागले की नियमात काय बसते आणि काय नाही हे ठरवणे पंचांना अवघड झाले, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर तो प्रकार स्पर्धेतून काढून टाकण्यात आला. वर्षानुवर्षे पोट आणि पाठ कमावलेल्या खेळाडूंची ही गोष्ट. आपल्या कंबरेने त्या वाटेला जाऊ नये. वर पोहोचण्याआधी नितंब आवळावेत आणि बरगड्या खाली ओढून धराव्यात. नितंब आवळलेले असताना कंबरेला जास्त बाक देता येत नाही, हे उभ्या उभ्या करून पाहिले तरी पटते.

बार खाली आणणे

बार वर नेण्याबद्दल सगळे बोलतात, खाली आणण्याबद्दल फार कमी. बार चेहऱ्याजवळून, पण ताब्यात ठेवून खाली आणावा आणि तो खांद्यांना टेकत असतानाच गुडघे किंचित वाकवावेत, म्हणजे धक्का पायांत जिरतो. ताठ पायांवर बार पडू दिला तर तो कॉलरबोनवर आदळतो आणि दोन-तीन सत्रांत तिथे काळेनिळे डाग दिसू लागतात. बार खांद्यांवर येईपर्यंत कोपरे पुन्हा बारच्या पुढे आलेली असावीत. कोपरे मागे राहून बैठक सुरू केली तर पुढचे आवर्तन सुरू होण्याआधीच बिघडलेले असते.

सराव झालेले लोक बार खांद्यांवर येताच त्याच लयीत थेट बैठकीत जातात. शिकणाऱ्याने तसे करू नये. बार खांद्यांवर आल्यावर एक क्षण थांबावे, कोपरे तपासावीत, नवा श्वास घ्यावा आणि मग खाली जावे. जड वजनावर अनुभवी माणसानेही असेच करणे चांगले. हलक्या वजनाच्या लांब सेटमध्ये प्रत्येक वेळी श्वास रोखून धरणे जमत नाही. तिथे हात सरळ होताना श्वास सोडावा आणि बार वर असताना किंवा खाली येताना घ्यावा.

शिकण्याचा क्रम आणि वजन

पहिल्या सत्रात बारऐवजी साधी काठी घेतली तरी चालते. पाच ते दहा मिनिटे अंग गरम करून, घोटे, खुबे आणि खांदे मोकळे करून आधी फक्त फ्रंट स्क्वॉट करावा, मग फक्त पुश प्रेस. हे दोन्ही वेगवेगळे नीट होईपर्यंत जोडू नयेत. जोडताना आधी मध्ये थांबा ठेवावा: बैठकीतून पूर्ण उभे राहून थांबायचे, मग गुडघे थोडे वाकवून पुश प्रेस करायचा. हा थांबा हळूहळू कमी करत नाहीसा केला की थ्रस्टर तयार होतो. थांबा काढल्यावर हात लवकर ढकलू लागले तर निःसंकोचपणे एक पायरी मागे यावे.

वजन ठरवताना पायांचे ऐकू नये. माणूस फ्रंट स्क्वॉटला जेवढे वजन घेतो त्यापेक्षा पुश प्रेसला कमी घेतो, त्यामुळे थ्रस्टरमध्ये पायांना काम सोपे वाटते आणि वजन वाढवण्याचा मोह होतो. मर्यादा मात्र खांद्यांची असते. रिकाम्या बारपासून सुरुवात करावी. २० किंवा १५ किलोही जड वाटत असतील तर हलका सरावाचा बार किंवा डंबेल घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. ५ आवर्तनांचे ३ सेट, मध्ये २ ते ३ मिनिटांची विश्रांती, आणि सगळी १५ आवर्तने एकसारखी दिसली तरच पुढच्या वेळी एकूण २.५ किलो वाढ, ही चाल हळू वाटली तरी पुरेशी आहे. आठवड्यात एक किंवा दोन दिवस थ्रस्टर ठेवावा आणि ज्या दिवशी खांद्यांचे दुसरे जड व्यायाम झाले असतील त्याच्या दुसऱ्या दिवशी तो घेऊ नये. तीन-चार आठवड्यांच्या खंडानंतर परतताना जुन्या वजनावर हक्क सांगू नये.

सेट कधी थांबवावा याचा निकष आवर्तनांची संख्या नसून आवर्तनाचे रूप असावा. टाच उचलली गेली, गुडघा आत कोसळला, कोपरे खाली पडली, कंबर मागे वाकली किंवा बार खांद्यांवर आदळला, यांपैकी काहीही एकदा झाले तर पुढचे आवर्तन जाणीवपूर्वक सुधारावे. लागोपाठ दोनदा झाले तर बार रॅकवर ठेवावा. दहाचा सेट ठरवला होता आणि सातवर थांबलो म्हणून काही बिघडत नाही.

बार सोडून देणे

बार कधीतरी वर जाणार नाही, आणि तो सोडायचा कसा हे तेव्हा शिकण्याची गोष्ट नाही. बंपर प्लेट लावून, हलक्या वजनावर, मुद्दाम सराव करावा. तळाशी अडकल्यास कोपरे खाली सोडून बार पुढे घरंगळू द्यावा, हातांनी तो दूर ढकलावा आणि स्वतः मागे उडी घ्यावी, म्हणजे तो मांड्यांवर पडत नाही. बार चेहऱ्याच्या पातळीवर किंवा वर अडकल्यास तो पुढे ढकलून एक पाऊल मागे यावे. बार डोक्याच्या मागे झुकू लागला तर त्याला पुन्हा पुढे खेचण्याच्या भानगडीत पडू नये. खांद्याला सर्वांत मोठी दुखापत त्या झटापटीत होऊ शकते. बार हातांतून सोडून द्यावा आणि पुढे पाऊल टाकावे. मागे कोणी उभे नसावे असे आधी सांगितले ते यासाठीच, आणि याच कारणाने मदतनीस म्हणून कोणाला जवळ उभे करण्याची पद्धत थ्रस्टरला लागू पडत नाही. पडणारा बार कोणी झेलू नये. लोखंडी प्लेट असतील आणि बार सोडता येत नसेल तर वजन इतके हलके ठेवावे की तो नेहमीच खांद्यांवर परत आणता येईल.

दुखणे ओळखणे

मांड्या आणि खांदे जळणे, धाप लागणे, दुसऱ्या दिवशी अंग जड होणे हे या व्यायामात अपेक्षितच आहे. सांध्यात एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असे टोचणारे दुखणे मात्र वेगळे. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, खांद्यात कळ येत असेल तर डोक्यावरचे सगळे व्यायाम थांबवून तपासून घ्यावे. हाताला किंवा पायाला मुंग्या येणे, बधिरपणा, छातीत दुखणे आणि चक्कर येणे यांत दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आणखी एक धोका कमी ऐकण्यात येतो. सवय नसताना एकदम खूप आवर्तने केली तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नेहमीच्या अंगदुखीपेक्षा फार जास्त वेदना, स्नायूंना सूज आणि गडद, चहासारख्या रंगाची लघवी ही त्याची लक्षणे आहेत. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत असे काही दिसल्यास घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालयात जावे आणि कोणता व्यायाम, किती आवर्तने केली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.